मेलेल्यांची मोजदाद

खिचडीत जंतू : शून्य. ताकात जंतू : मोजण्यापलीकडे.

एवढ्या दोन ओळींवर माझ्या सासूबाई गुन्हेगार ठरल्या. प्रकल्प अधिकारी मुळे साहेबांनी बालवाडीच्या व्हरांड्यात उभं राहून तपासणी अहवालातल्या त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि जमलेल्या सगळ्या आयांच्या माना आमच्याकडे वळल्या. जुई माझ्या कडेवर होती, आदल्या दिवशी ओकून ओकून चिंधीसारखी झालेली.

"आजी, बाहेरचं अन्न आत आणायचं नाही हा नियम तुम्हाला माहीत आहे ना? मग नातीच्या दप्तरात ताकाची बाटली कुणी घातली?"

"मीच घातली," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "ती बालवाडीच्या पाकिटातलं चार घासांपुढे खात नाही. ताक आवडीनं पिते."

"आवडीनं! आणि तिने चार पोरांना वाटलं. आज कबीर सलाइनवर आहे."

कबीरची आई दीप्ती भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर दवाखान्यात बसून तिचे डोळे सुजले होते. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, यकृतावर परिणाम दिसतोय, लक्ष ठेवावं लागेल. ती आईंकडे बघून एवढंच म्हणाली, "काकू, माझ्या पोराला काही झालं ना, तर मी तुम्हाला आयुष्यात सोडणार नाही."

मी पुढे झाले. "साहेब, ज्यांनी ताक प्यायलंच नाही त्यांनाही उलट्या झाल्यात. वंशिकाने तर तोंडसुद्धा लावलं नव्हतं."

"झाकण चाटलं असेल," मुळे साहेब म्हणाले आणि कागद खिशात घातला.

झाकण चाटलं असेल! मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव तपासते. ताकात जंतू सापडले म्हणून कुणी कपाळाला हात लावला, तर आम्ही त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवतो. अहो, ताकात जंतू असणारच. दुधाचं दही विरजणातल्या जिवंत जंतूंनीच होतं, आणि ते आपल्या पोटाचे मित्र असतात. पण अहवालात मित्र आणि शत्रू असे दोन रकाने नव्हते. एकच रकाना होता आणि त्यात खिचडी शून्यावर पास झाली होती.

आमच्या तळेसांगवीत किरणगृह आलं तेव्हा मीच पेढे वाटले होते, हेही सांगायला हवं. माझा नवरा सुमेध तिथला मुख्य तंत्रज्ञ. खोलीभर मावेल असं यंत्र, त्यातून वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत खाली पडतो, त्याखालून पट्ट्यावरची सीलबंद पाकिटं सरकत जातात. झोत जंतूच्या शरीरातल्या जनुकांच्या लांबच लांब दोऱ्याचे तुकडे करतो. दोरा तुटला की जंतूला वाढता येत नाही, तो संपतो. अन्नात किरण साठून राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच. आमच्याकडे दर उन्हाळ्यात पोरांना जुलाब व्हायचे. पहिल्या वर्षी ते निम्म्यावर आले. हे खरं आहे आणि ते मी कुणालाही सांगेन.

मग चार तालुक्यांतल्या बालवाड्यांचा स्वयंपाक एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघरात गेला. ठेका उगले शेठना मिळाला. पाकिटावर हिरवी किरणमुद्रा आली, आणि तिच्यामागोमाग नियम आला : मुद्रा नसलेलं अन्न बालवाडीच्या दारातून आत जाणार नाही. घरचा डबा बंद. आईच्या हातचा लाडूही बंद.

त्या दिवशी घरी आल्यावर सुमेध सोफ्यावर टेकला सुद्धा नाही.

"माझ्या पट्ट्यावरून गेलेल्या एकाही पाकिटाला किरणांची मात्रा कमी पडली नव्हती. मापकं मी स्वतः तपासली, शलाका."

"मी कुठे म्हणते तुझं यंत्र चुकलं?"

"मग राहिलं काय? ताकच ना?"

"सुमेध, तू कुणाबद्दल बोलतोयस?"

"मी आकड्यांबद्दल बोलतोय! आईची भांडी, तिचं ते फडकं, कोण जाणे काय..."

तो एकदम थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "घे. घशाला कोरड पडली असेल," म्हणाल्या. मग जरा थांबून, "फिल्टरचं आहे. माझा हात आत बुडला नाही."

एरवी आई बोलायला लागल्या की सुमेधची सुटका नसे. त्या त्याच्या यंत्राला 'सुम्याची भट्टी' म्हणायच्या, "भट्टीत माणसाची अक्कल घालून बघ, निघते का शुद्ध होऊन," असं जेवताना सुनवायच्या. त्या दिवसापासून टोमणे बंद झाले. त्यांनी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दिलं. पोळ्या लाटायच्या नाहीत, भाजी चिरायची नाही. दिवसभर त्या बाल्कनीत बसून राहायच्या, आणि उठून उठून हात धुवायच्या. बोटांची टोकं पांढरी पडली, सालं निघायला लागली.

एका सकाळी जुई वाटी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसली. जन्मल्यापासून ती आजीच्या हातचंच जेवलेली. माझ्या हातचा घास तिला चिमणीसारखा वाटतो, आजीचा घास कावळ्यासारखा मोठा.

"आजी, भरव ना."

"आईकडे जा, बाळा."

"नाही. तू."

"माझ्या हाताला जंतू आहेत गं."

जुईने वाटी खाली ठेवली, आजीचा हात दोन्ही हातांनी धरला, उलटा केला, सुलटा केला. "कुठेयत? मला नाही दिसत."

आईंनी हात सोडवून घेतला आणि पदरात लपवला. मी दारामागे उभी होते. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ज्या बाईने अख्खं आयुष्य कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पिठाच्या डब्याला शिवलं नाही, तिला स्वतःच्या तळहाताची भीती घातली होती या लोकांनी! ती कशावरून? तर एका शून्यावरून.

मग मी त्या शून्याच्याच मागे लागले.

बालवाडीच्या रोहिणीताईंनी त्या दिवशी गैरहजर असलेल्या पोरांची पाकिटं कपाटात ठेवली होती. साहेबांनी मागितली नव्हती, त्यांनी दिली नव्हती. मी विचारलं तेव्हा इकडेतिकडे बघत दोन पाकिटं माझ्या पिशवीत सरकवली. "माझं नाव घेऊ नका हं, मॅडम. पण वास घ्या एकदा. मसाल्याखाली काहीतरी आहे."

प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा नेहमीची चाचणी केली. पोषक थर ओतलेल्या बशीत नमुना पसरायचा, उबेत ठेवायचा, जंतूंचे ठिपके उगवले की मोजायचे. काहीच उगवलं नाही. शून्य. अहवाल खोटा नव्हता.

पण बशीत उगवतात ते जिवंत जंतू. मेलेले उगवत नाहीत. म्हणून मी दुसरी चाचणी लावली. नमुना बारीक गाळणीतून गाळला आणि तिच्यावर एक चमकणारा रंग टाकला. हा रंग जिवंत-मेलेला असा भेद करत नाही, जंतू दिसला की त्याला धरतो. गाळणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहून खात्री केली.

सुमेधच्या सुटीच्या दिवशी सकाळी मी त्याला ओढतच प्रयोगशाळेत नेलं. "बघ."

त्याने डोळा लावला. बराच वेळ लावलेलाच ठेवला.

"जिरं सांडल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला.

"जिऱ्याचे दाणे नाहीत, जंतू आहेत ते. सगळे मेलेले. जुईच्या एका चमच्यात कोट्यवधी."

"पण मेलेले आहेत ना? मग..."

"ते मरायच्या आधी काय करत होते ते विचार."

शिजवलेल्या भातात एक जंतू बीजरूपाने टिकून राहतो. उकळीनेही त्याचं बीज मरत नाही. भात गरमगरम खाल्ला तर काही बिघडत नाही, लगेच थंड करून फ्रीजमध्ये टाकला तरी नाही. पण मोठ्या पातेल्यात, झाकून, कोमट कोमट रात्रभर ठेवलात, तर ती बीजं उगवतात, एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात, आणि त्यांतले काही भातात विष सोडतात. त्या विषाचा रेणू म्हणजे घट्ट वळलेली इवलीशी चुंबळ. जनुकांचा लांब दोरा कुठेही तुटला तरी जंतू मरतो, म्हणून झोताला तो सहज सापडतो. ही चुंबळ त्याला सापडत नाही. फोडणीत घाला, किरणांखाली घाला, ती तशीच राहते. ती पोटात गेली की काही तासांत उलट्या, आणि कबीरसारख्या नाजूक पोराच्या यकृताला धक्का.

सुमेध स्टुलावर बसला. "म्हणजे मी..."

"तू मारलेस ते बरंच केलंस. पण तुझ्या पट्ट्यावर एवढे येतातच कसे?"

उत्तर शोधायला आम्ही तसेच उगल्यांच्या स्वयंपाकघरावर गेलो. किरणगृहाचा माणूस म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. आत पातेल्यांची रांग लागलेली, वर ओली पोती. एक बाई फावड्याने आदल्या संध्याकाळचा भात उपसून तेलात ढकलत होती. भाताला तार सुटली होती.

"ताई, सकाळी नाही का शिजवत?" मी विचारलं.

"आधी शिजवायचो की पहाटं. हात धुवायला साबण, फडकी उकळून, सगळं व्हायचं. आता मशीन आलं ना! शेठ म्हणतात, कशाला एवढा उपद्व्याप, पुढं किरण हायेतच."

पुढं किरण हायेतच. गाडीत बसल्यावर सुमेधने ते वाक्य दोनदा पुटपुटलं. मग म्हणाला, "मी त्यांचा धोबी झालोय, शलाका. ते घाण करतात आणि मी शिक्का मारून देतो." घरी आल्यावर तो सरळ बाल्कनीत गेला आणि आईंच्या पायाशी फरशीवर बसला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. आईंचा आवाज तेवढा आला, "ऊठ, फरशी गार आहे."

पण हात धुणं थांबलं नाही. "तू म्हणतोस रे," त्या म्हणाल्या, "पण ती दीप्ती काय म्हणते?"

विषाची चाचणी आमच्याकडे होत नाही. दुसरं पाकीट मी पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं : विष आहे, भरपूर आहे. तो कागद घेऊन आम्ही तिघं पंचायत समितीच्या सभागृहात बैठकीला गेलो. मुळे साहेब, उगले शेठ, समितीचे चार सदस्य, मागच्या खुर्च्यांवर पालक. कबीर दवाखान्यातून घरी येऊन हिंडाफिरायला लागला होता, पण दीप्ती आमच्यापासून लांब बसली.

मी सगळं सांगितलं. मुळे साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, तुमचा अभ्यास कौतुकास्पद आहे. पण नियमावलीत चाचणी जंतूंची आहे. विषाची नाही."

"मग घाला ना नियमावलीत!"

"त्याला वेळ लागतो."

"आणि आधी किती जंतू होते हे तरी मोजाल? किरणांखाली जायच्या आधी?"

"कशाला?" उगले शेठ हसले. "अहो ताई, शेवटी मरतातच की!"

तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून बशांमधून भजी आली, कढईतून नुकतीच काढलेली, तेल अजून चुरचुरत होतं. साहेबांनी एक उचललं, बोट भाजलं, फुंकर मारली. मी बघत राहिले. चार तालुक्यांच्या लेकरांना तार सुटलेला भात चालतो, आणि यांना भजीसुद्धा कढईतलीच लागतात!

भजी संपल्यावर निर्णय जाहीर झाला. पालकांच्या भावना लक्षात घेऊन किरणांची मात्रा दुप्पट करण्यात येत आहे.

सुमेध उभा राहिला. "साहेब, दुप्पट केल्याने काय होणार? मेलेल्याला दुसऱ्यांदा मारता येत नाही."

"टिळेकर, तुम्ही आमचेच माणूस आहात. जरा सांभाळून."

"यंत्र मी चालवतो. माझ्याकडे येणारा भात शिळा असेल तर मी ते चालू करणार नाही."

"ते नंतर बघू. आणि हो," साहेबांनी आईंकडे बघून हात जोडल्यासारखं केलं, "आजींच्या वयाकडे पाहून, माणुसकीच्या दृष्टीने, समिती त्यांना माफ करत आहे."

इतका वेळ गप्प बसलेल्या आई खुर्चीचा दांडा धरून उठल्या. "माफ? मला?" "आधी पोरांची माफी मागा. त्यांची मागून झाली की माझ्याकडे या, मग बघू मी करते का तुम्हाला."

मागच्या रांगेत दीप्तीने मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उगल्यांची गाडी किरणगृहावर आली. सुमेधने पहिल्या खोक्यातलं एक पाकीट फोडलं, बोटांत भात धरून ओढला, तार निघाली. त्याने गाडी परत पाठवली. तासाभरात त्याला फोनवरच निलंबित केलं.

मी त्या दिवशी घरीच थांबले होते. जेवणाच्या वेळी रोहिणीताईंचा मला फोन आला. "मॅडम, पाकिटंच आली नाहीत हो. पोरं रडतायत. जुई पण. बिस्किटंसुद्धा द्यायची सोय नाही, मुद्रा नाही म्हणून."

आईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?" मी सांगितलं. त्या उठल्या आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरल्या. "मोठं पातेलं काढ. मुगाची डाळ भिजवू नको आता, तशीच घे. तूप आहे का? बघत काय बसलीस, तांदूळ धू!"

वाफाळतं पातेलं घेऊन आम्ही रिक्षाने बालवाडीवर पोचलो. रोहिणीताई दारातच आडव्या आल्या, डोळ्यांत पाणी. "काकू, आत नाही हो घेता येणार. माझी नोकरी जाईल."

"नियम दाराच्या आतला आहे ना? मग पोरांना बाहेर काढ."

कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या. पोरांनी नळावर रांग लावून हात धुतले. आई प्रत्येकाची बोटं उलटून बघत होत्या. ताटल्या मांडल्या गेल्या. बातमी फिरली होती, आया कुंपणाशी गोळा झाल्या. पण पुढे कुणी येईना. आपल्या पोराला थांब म्हणावं की जेव म्हणावं, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. पोरं ताटलीकडे बघत होती आणि मग आपापल्या आईकडे.

तेवढ्यात मुळे साहेबांची जीप येऊन थांबली. "हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीने? या अन्नाची तपासणी झालीय?"

लेकरं जेवायच्या आधी स्वतः घास घ्यायचा नाही, ही आईंची जन्माची रीत. घरी उपाशी चक्कर आली तरी त्यांनी ती मोडली नव्हती. त्यांनी पातेल्यातून डावभर खिचडी स्वतःच्या ताटलीत घेतली, सगळ्यांसमोर कालवली, भला मोठा घास तोंडात घातला, नीट चावून गिळला.

"झाली," त्या म्हणाल्या.

कुंपणाशी हालचाल झाली. दीप्ती कबीरचं बोट धरून आत आली. पोरगं अजून अशक्त होतं, मान बारीक झालेली. तिने त्याला सतरंजीच्या टोकाला बसवलं आणि आईंसमोर उकिडवी झाली.

"काकू, दवाखान्यातून आल्यापासून हा माझ्या हातून खात नाही. तुम्ही बघा ना जरा."

आईंनी आपल्या सालं निघालेल्या बोटांकडे पाहिलं. दीप्तीनेही पाहिलं. मग दीप्तीनेच ताटली उचलून त्यांच्या हातात दिली. आईंनी खिचडीवर तुपाची धार सोडली, फुंकर घालून बोटांनी कालवली. कबीरने तोंड उघडलं.

"आजी! आधी माझा नंबर!" पलीकडून जुई किंचाळली.

"तुझा रोजच असतो गं, बस गप," आई म्हणाल्या. कुंपणाशी कुणीतरी हसलं आणि मग एकेक आई आत येऊन पोरापाशी बसायला लागली.

मुळे साहेब अजून जीपपाशीच उभे होते, हातात फोन घेऊन, कुणाला लावावा ते न सुचल्यासारखे. आईंनी कबीरचा दुसरा घास वळत वळत, मान वर न करता त्यांना हाक मारली.

"उन्हात का उभे, साहेब? बसा रांगेत, गरम आहे. पण हात धुऊन."